जांभळीच्या बेचक्यातला ऐन

मु. धारेवाडी, ता. पाटण, जि. सातारा
रविवार, २८ मे १९७८

परमस्नेही बिराप्पाअण्णा यांस,

लालासाहेबाचा कडकडून मिठी मारून राम राम. हरणाबाई वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, आणि मेंढरांनाही तुमच्याकडं जे काही द्यायची रीत असेल ते माझ्या नावानं द्यावं. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की गुडघा हल्ली पावसाचा अंदाज सांगत नाही, कारण जत तालुक्यात राहून त्याची सवय मोडली. टँकर वेळेवर येतो का? नवी घोंगडी विणून झाली का? आमच्याकडं सर्व खुशाल. आमची मंडळी विजयमाला खुशाल आहे, गाय व्याली, कालवड झाली. माझी प्रकृती तर इतकी उत्तम आहे की डॉक्टरनं पाहिलं तर त्याला संशय यावा. घसा विशेषच ठणठणीत आहे. घशाचं मुद्दाम का लिहिलं ते पुढं येईलच, आणि ते लिहिताना अक्षर बिघडेल, त्याबद्दल आत्ताच क्षमा मागून ठेवतो.

अण्णा, मला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगात आपण एका खोलीत चार वर्षं काढली. मी झोपेत भाषण करायचो आणि तुम्ही झोपेतच ‘बसा, बसा’ म्हणायचात. त्यानंतर मी हुंड्याविरुद्ध बोललो, अंगारे-धुपाऱ्याविरुद्ध बोललो, दारूविरुद्ध तर दारूच्या दुकानासमोर उभा राहून बोललो (दुकानदारानं स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाला, ‘बोला, गर्दी जमतीया.’). मधले एकवीस महिने साऱ्या देशाबरोबर माझ्याही तोंडाला कुलूप होतं. गेल्या वर्षी ते निघालं, आणि साठवलेलं सगळं एकदम बाहेर यायला लागलं. चाफळपासून ढेबेवाडीपर्यंत मी एकही व्यासपीठ सोडलं नाही. एका बारशाला मी लोकशाहीवर पाऊण तास बोललो आणि पोराचं नाव ठेवायचं राहून गेलं. मी हे बढाई म्हणून लिहीत नाही. कुणाच्या हातात नांगर असतो, कुणाच्या हातात तराजू असतो, माझ्याकडं आवाज आहे. तो मी उगीच वापरत नाही, अन्यायाविरुद्ध वापरतो, आणि अन्याय काही कमी होत नाही, याला मी काय करू?

तर अशा माझ्या घशाशी एका झाडानं वैर धरलं.

आता झाड म्हणजे काय ते तुम्हाला आधी सांगायला हवं. रागावू नका. मी तुमच्याकडं आलो होतो तेव्हा तुम्ही ‘जरा सावलीला बसू’ म्हणून मला दोन मैल चालवलं होतंत, आणि त्या सावलीत आधीच एक म्हातारा, दोन शेळ्या आणि तुमचा ग्रामसेवक बसला होता. आमच्या कोयनेच्या खोऱ्यात उलटा प्रकार. इथं धुणं वाळत घालायला ऊन शोधावं लागतं. धारेवाडीच्या वरच्या अंगाला गावच्या मालकीचं दाट रान आहे, रानातनं एक पाऊलवाट झऱ्याला जाते, आणि उन्हाळाभर साऱ्या गावच्या बायका त्या झऱ्याचं पाणी आणतात. (विहीर आहे. पण मे महिन्यात तिच्यात बेडूकसुद्धा चालत फिरतात.) नऊ तारखेच्या दुपारी जे वादळ झालं, त्यात या वाटेवरचा ऐन मोडला. सत्तर फूट उंच, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. तो मोडून सरळ पडला असता तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं. पण तो पडला नाही. बुंध्याशी मोडला, खोडाचं बूड बुडख्यावरनं घसरून मागं मातीत टेकलं, आणि शेंडा समोरच्या जांभळीच्या बेचक्यात जाऊन बसला. म्हणजे पाय जमिनीवर, डोकं जांभळीच्या मांडीवर, आणि मधलं सगळं धूड बरोबर पाऊलवाटेच्या वर, हवेत. वारा आला की ते करकरायचं. वारा नसला की गप्प बसायचं, आणि त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटायची.

दोन दिवस बायका खालनं वाकून, देवाचं नाव घेत गेल्या. तिसऱ्या दिवशी राहीबाईनं चुंबळ नीट करायला घागर खाली ठेवली, दोन पावलं बाजूला झाली, आणि वरनं मांडीएवढी फांदी निसटून घागरीवर पडली. घागरीची ताटली झाली. (ती ताटली देवळात ठेवलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.) त्या दिवसापासून बायकांनी ती वाट सोडली आणि डोंगराला वळसा घालून, दीड मैल जास्त चालून पाणी आणायला लागल्या. पुरुषांनी याचा गंभीरपणे विचार केला आणि पाणी कमी प्यावं असं ठरवलं. एका सकाळी विजयमालेनं दोन घागरी उतरवल्या, भिंतीला पाठ टेकून बसली आणि मला म्हणाली, ‘तुमी जगातल्या समद्याविरुद्ध बोलता. त्या झाडाविरुद्ध बोला की एकदा.’

अण्णा, इथंच माझं चुकलं. मी बोललो.

शुक्रवारी, एकोणीस तारखेला, देवळापुढं सभा घेतली. पायाखाली दगड, डोक्यावर पिंपळ, समोर अख्खं गाव. मी त्यांना विचारलं, ज्या गावच्या पोरांनी सरहद्दीवर गोळ्या झेलल्या ते गाव एका मोडक्या लाकडाला भिणार? ज्या जिल्ह्यानं बेचाळीस साली परक्या सरकारला हाकललं तो जिल्हा आपल्या आयाबहिणींना दीड मैल जास्त चालवणार? माझ्याच आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्याच्या भरात मी उजवा हात वर करून म्हणालो, ‘येत्या सोमवारी सूर्य मावळायच्या आत हा ऐन जमिनीवर आला नाही, किंवा तो आणताना कुणाच्या नखालाही धक्का लागला, तर हा लालासाहेब एक वर्ष जाहीर भाषण करणार नाही!’ काय टाळ्या पडल्या, अण्णा! माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या. त्या वाक्याच्या कोणत्या भागाला पडल्या, याचा मी त्या वेळी विचार केला नाही. वरच्या आळीचे दादासो मात्र टाळ्या विरायच्या आत देवळात जाऊन खंडोबापुढचा बेलभंडार घेऊन आले आणि माझ्यापुढं तळहात धरला. ‘बोललायसा तर उचला.’ तुम्हाला माहीतच आहे, मी देव मानत नाही. पण शब्द मानतो, आणि शब्दावर हळद पडली की तो आमच्याकडं दगडाहून घट्ट होतो. मी उचलला.

आता तीन दिवसांत झाड उतरवायचं. आमच्या भागात कुठलंही काम माणसं एकदम सुरू करत नाहीत, आधी संस्था काढतात. शनिवारी ‘ऐन उतरवणी समिती’ निघाली. अध्यक्ष वरच्या आळीचे दादासो, उपाध्यक्ष खालच्या आळीचा कृष्णात. हे दोघे चौदा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, कारण जत्रेच्या गाड्याला पहिली बैलजोडी कुणाची जुंपायची आणि पहिला नारळ कुणी फोडायचा यावरनं त्यांचं कोर्टात चाललंय. (समितीत ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. दोघांच्या मध्ये फूटभर अंतर, आणि मी त्या फूटभर अंतरात.) लष्करी सल्लागार म्हणून हवालदार नाथाजीला घेतलं. बावीस वर्षं पलटणीत काढून तो पेन्शनीवर आलाय. त्यानं झाडाभोवती लांबनं एक फेरी मारली, मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, ‘उडा देंगे. सुरुंग लावू.’ मी विचारलं, ‘हवालदार, सुरुंगाचं काम तुम्ही कुठल्या आघाडीवर केलंत?’ तर म्हणाला, ‘काम न्हाई केलं. पर ज्येंनी केलं त्येंला दोन्ही टाइम म्या वाढलंय.’

कृष्णाताला मात्र कृती हवी होती. झाड कशावर अडकलंय? जांभळीवर. मग जांभळ तोडा, दोन्ही येतील खाली. इतका सरळ विचार होता की मीसुद्धा ‘शाबास!’ म्हणालो आणि टेकूच काढून घेतल्यावर सत्ता कशी कोसळते याचे फ्रान्स देशातले दाखले द्यायला लागलो. कृष्णात कुऱ्हाड घेऊन जांभळीच्या बुंध्याकडं निघाला. इतक्यात मागनं आवाज आला, ‘आरं ए शाण्या, मागं फिर!’ ती तानुबाई होती.

तानुबाई म्हणजे सत्तरीची, काटक, पन्नास वर्षं याच रानात मोळ्या बांधणारी बाई. तिचा नवरा लाकूड कापायचा. अशाच एका अडकलेल्या झाडाखाली त्याचा पाय गेला आणि पुढची अठरा वर्षं तो उंबऱ्यात बसून राहिला. ती कृष्णाताच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. म्हणाली, ‘जांभळीला कुराड लावशील तर पयला ऐन टकुऱ्यात बसंल, मग वरनं जांभूळ. लाकूड आणायलाबी कुटं जायाला नगो, तुझ्यापुरतं हितंच हुईल.’ कृष्णातानं कुऱ्हाड खाली ठेवली. मग तिनं आम्हा समितीला समोर बसवलं आणि एकेक बोट दुमडत सांगितलं. ‘अडकल्याल्या झाडाच्या पोटाखाली जायाचं न्हाई. वर चडायचं न्हाई. ज्या झाडानं त्येला धरलंय त्येला हात लावायचा न्हाई. शेंड्याकडनं तर बगायचंबी न्हाई. बुडाला दोर बांदायचा आन् मागं वडायचं. बूड मागं सरलं की शेंडा आपसूक खाली उतरतुया. दोर झाडाच्या दुप्पट लांब पायजे. आन् वडणाऱ्यानं दोराच्या सरळ रेघंत हुबं ऱ्हायचं न्हाई, दुसऱ्या झाडाला वळसा घालून आडवं वडायचं. झालं.’

झालं! अण्णा, मला ते पटलं नाही असं नाही. शंभर टक्के पटलं. पण दहा-अकरा दिवस साऱ्या गावाला ग्रासलेल्या प्रश्नाचं उत्तर एका श्वासात संपावं, त्यात प्रस्तावना नसावी, दाखले नसावेत, समारोप नसावा, हे कुठंतरी मनाला लागलं. मी समितीच्या वतीनं तिचे आभार मानायला उभा राहिलो तेव्हा ती निघूनही गेली होती.

सोमवार उजाडला. आता सगळीकडं इंजिनं आल्यामुळं मोटा बंद पडल्यात, पण मोटेचे जाडजूड नाडे माळ्यावर तसेच पडून होते. तीन नाडे काढून, भिजवून, गाठी मारून एक केले. तानुबाईनं स्वतः बाजूनं जाऊन, आधी पळायची वाट काटेकुटे काढून मोकळी करून, लांब काठीनं फास बुडाखालनं सरकवला आणि आवळला. (मी तिला म्हणालो, ‘तानुबाई, हे काम पुरुषांचं.’ तिनं मागं न बघता विचारलं, ‘कंच्या?’ मी आजूबाजूला पाहिलं. पुरुष बरेच लांब होते.) दोर एका जुनाट किंजळीच्या झाडाला वळसा घालून आडवा खालच्या माळाला नेला, तिथं दादासोंची एक आणि कृष्णाताची एक अशा दोन जोड्या उभ्या केल्या. मग तिनं राखेची पाटी घेऊन, झाडाची दुप्पट लांबी पावलांनी मोजत, साऱ्या बाजूंनी राखेची रेघ ओढली. ‘ह्या रेघंच्या आत बैल न्हाई, माणूस न्हाई, कुत्रं न्हाई.’ दुपारी चारला सगळं तयार. सूर्य अजून चांगला तीन तास. मी कपाळाचा घाम पुसला, आणि तो आनंदाचा होता.

पण आमच्याकडं नारळ फोडल्याशिवाय काही ओढत नाहीत. जत्रेचा गाडा असो, उसाची पहिली गाडी असो, पंचायतीचा रोडरोलर असो. नारळ हवाच, आणि तोही ज्याला ओढायचं त्याच्या पायाशी फोडायचा. आणि या ऐनाचा पाय होता रेघेच्या आत साठ पावलं, त्या करकरणाऱ्या धुडाच्या बुडाशी. अण्णा, ज्या नारळासाठी या दोन आळ्यांनी चौदा वर्षं वकील पोसले, त्याच नारळापाशी त्या दिवशी जो सज्जनपणा बघायला मिळाला तो मी कुठल्याही धर्मग्रंथात वाचलेला नाही. दादासो चौदा वर्षांत पहिल्यांदा थेट कृष्णाताकडं बघून बोलले. ‘कृष्णात, यंदा मान तुमच्या आळीचा.’ कृष्णातानं कानाला हात लावला. ‘छ्या छ्या, दादासो, आवं वाडवडलांपास्नं पयला नारळ तुमचा.’ ‘आरं त्ये जुनं झालं. तू तरुण हायेस.’ ‘तुमी थोरलं हाय.’ ‘थोरलं म्हंजे किती, चार वर्सांनी.’ ‘चार का न्हाईत? मानाला चार म्हयनंबी बास!’ दादासोंनी केस मागं घ्यायची तयारी दाखवली. कृष्णातानं जत्रेचा मान लेखी सोडायची तयारी दाखवली. दोघांच्या डोळ्यांत पाणी. नारळ या हातातून त्या हातात जातोय, आणि बैल कंटाळून शेपट्या हलवतायत. दीड तास गेला. शेवटी तानुबाई म्हणाली, ‘हितनंच फेकून मारा की!’ तेव्हा नाथाजी हवालदार पुढं आला, छाती काढली, आणि पलटणीत पाहिलेला (फेकलेला नव्हे) हातगोळा आठवून नारळ भिरकावला. पहिला करवंदीच्या जाळीत गेला. दुसरा किंजळीला लागून परत आला आणि दादासोंच्या बैलाला लागला. तिसरा बुडाशी पडला, फुटला, आणि जयजयकार झाला.

साडेपाच वाजले होते. आमच्या खोऱ्यात पश्चिमेचा डोंगर उंच, त्यामुळं सूर्य पावणेसातलाच मावळतो. म्हणजे सव्वा तास हातात, आणि काम पाच मिनिटांचं. नाथाजीनं शिट्टी तोंडात धरली. बैलांवर आसूड उचलला गेला. आणि त्या क्षणी दादासो मागं वळून म्हणाले, ‘लालासाब, दोन शब्द बोला की. तुमच्याबिगर कसं सुरू करायचं?’

अण्णा, तुम्ही तिथं असता तर माझ्या तोंडावर घोंगडं टाकलं असतंत.

मी दोनच शब्द बोलणार होतो. माझी शपथ मला आठवत होती. पण राखेच्या रेघेभोवती सगळं गाव अर्धगोल उभं, एका बाजूला बायका, त्यांच्या मागं उतरतं ऊन, समोर तो जुलमी ऐन. अशी सभा माणसाच्या आयुष्यात कितीदा येते? मी झाडापासून सुरुवात केली. झाडावरनं पाण्यावर आलो, पाण्यावरनं बाईच्या डोक्यावरच्या घागरीवर, घागरीवरनं ती घागर न उचलणाऱ्या पुरुषावर. (इथं बायकांनी टाळ्या दिल्या, त्यामुळं तो मुद्दा मी पुन्हा पहिल्यापासून मांडला.) तिथनं फ्रान्सच्या तुरुंगावर गेलो, तुरुंग पाडून परत आलो. मग उसाकडं वळलो, उसावरनं पाटाच्या पाण्याकडं, तिथनं थेट तुमच्या जत तालुक्यात आलो, आणि तुमचं नाव घेऊन म्हणालो की जिथं माझा मित्र बिराप्पा घोटभर पाण्यासाठी टँकरची वाट बघतो त्याच महाराष्ट्रात वाहत्या झऱ्याची वाट एक लाकूड अडवतं, ही शरमेची गोष्ट आहे! तुम्हाला टाळ्या मिळाल्या, अण्णा. चांगल्या मिळाल्या. मी तुमच्यावर वीस मिनिटं बोललो. मधे बैल खाली बसले. नाथाजीची शिट्टी तोंडात तशीच होती आणि त्याला श्वास घेताना बारीक वाजत होती. विजयमाला बायकांतून हात वर करकरून काहीतरी खुणावत होती. मला वाटलं मागं ऐकू जात नाही, म्हणून आवाज चढवला. तर ती दोन्ही हातांनी आभाळाकडं दाखवायला लागली. मी समजलो, आभाळाला साक्षी ठेवा म्हणतेय. कल्पना उत्तम होती. मी म्हणालो, ‘या आभाळाला साक्षी ठेवून सांगतो’ आणि हात वर करून वर पाहिलं.

आभाळात सूर्य नव्हता.

असा शांतपणा मी माझ्या कुठल्याच सभेत मिळवला नव्हता. मग कृष्णात माझ्याजवळ आला, खालच्या आवाजात म्हणाला, ‘आवं, डोंगराआड गेलाय निस्ता, मावळलाय कुटं? वडून टाकू पटदिशी. अजून दिसतंय की.’ आणि खरंच थोडं दिसत होतं. बैलांची शिंगं दिसत होती. लोक माझ्याकडं बघत होते, आणि मला वाटतं त्यातले दोनतीन जण माझ्या बाजूचेही होते. मी तानुबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, ‘शेंडा दिसत न्हाई मला. जे दिसत न्हाई त्ये कुटं पडंल ह्ये म्या न्हाई सांगायची.’ एवढंच. आग्रह नाही, दाखला नाही. एका बाजूला माझं वर्ष होतं, अण्णा, पूर्ण तीनशे पासष्ट दिवस, आणि दुसऱ्या बाजूला अंधारात रेघेवर उभी राहिलेली माणसं आणि ती ताटली झालेली घागर. मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण केलं. म्हणालो, ‘उद्या.’ त्यालासुद्धा टाळ्या पडल्या.

मंगळवारी सकाळी सातला आम्ही अकरा माणसं होतो. नारळ नाही, समिती नाही (ती सोमवारी रात्रीच बरखास्त करून तिची निवडणूक जाहीर झाली). तानुबाईनं रेघ परत एकदा चालून बघितली, एका कुत्र्याला हाकललं, आणि हात वर केला. बैल आठ पावलं चालले. फक्त आठ. बूड मातीतनं सूं करत मागं सरकलं, जांभळीनं अंग झटकलं, शेंडा बेचक्यातनं निसटला, आणि तो सत्तर फुटांचा ऐन धाडकन आवाज करून, त्यानंतर बराच वेळ पाला सळसळवत, बरोबर तिनं सांगितलेल्या जागी आडवा झाला. पोपटांचा एक थवा ओरडत उडाला. धूळ बसली. कुणाच्या नखाला धक्का नाही. तानुबाई म्हणाली, ‘झालं.’ मग जांभळीखाली पिकलेल्या जांभळांचा सडा पडला होता, तिकडं सगळे धावले. माझ्याजवळ चाळीस मिनिटांचं भाषण तयार होतं, अण्णा. विजयाचं. त्यात तानुबाईवर एक परिच्छेद होता, तो तर मी पहाटे उठून घासून-पुसून ठेवला होता. मी तोंडात जांभळं भरली आणि गप्प उभा राहिलो. दुपारी विजयमाला जवळच्या वाटेनं दोन घागरी घेऊन आली, आणि साऱ्या आळीत पहिल्यांदा असं दिसलं की बाई हसत पाणी घेऊन येते.

आज सहावा दिवस. मी उत्तम आहे. लोक भेटतात, आस्थेनं विचारतात, ‘कसं वाटतंय?’ आणि उत्तराची वाट न बघता पुढं जातात. मौनानं माणूस अंतर्मुख होतो, त्याचे विचार प्रगल्भ होतात, असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलंय आणि सांगितलंयही. ते खरं आहे. माझी कसलीही तक्रार नाही. तुम्ही काळजी करू नये.

गुडघ्याला एरंडाचं पान बांधत जा. वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुमचा, आता फारच कमी बोलणारा,
लालासाहेब

ता. क. एक लहानशी विनंती लिहायची राहिली. मी दादासोंना गाठून नीट विचारून घेतलं. त्यांचं म्हणणं, बेलभंडार धारेवाडीच्या खंडोबाचा, त्याची सत्ता धारेवाडीच्या शिवेपर्यंत. ‘शिवंभाईर कुटंबी बोला,’ म्हणाले, ‘लांब जाऊन बोला. लय लांब.’ जत लय लांब आहे. तेव्हा जूनमध्ये तुमच्याकडं एखादी सभा ठरवता येईल का? विषय कुठलाही चालेल. पाणी, लोकर, मेंढरांचे रोग, सीमाप्रश्न. दहा माणसं पुरेत. दहा नसली तर पाच माणसं आणि मागं मेंढरं उभी करा, लांबनं गर्दी दिसते. कानडी समजणारेच असले तरी हरकत नाही, मी हातवारे जास्त करीन. सावलीची सोय नको, मी उन्हात बोलतो.

ता. क. दुसरं. बोलावणं पोस्टकार्डावर उघड लिहू नये. आमचा पोस्टमन पारावर बसून कार्डं वाचून दाखवतो. फक्त ‘गुडघा वाढलाय, लगेच या’ एवढंच लिहा. मी समजेन.

ता. क. तिसरं (दुसऱ्या हातानं). बिराप्पाभावजी, विजयमालाचा नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. गप्प बसलेत ते बाहेर. घरात रोज सांजसकाळ सभा असते. अध्यक्ष मी, ऐकणार मी, आभारबी मीच मानायचं. काल भाकरी थापताना विजयाचं भाषण तिसऱ्यांदा झालं, तानुबाईचा परिच्छेद मला पाठ झालाय. झऱ्याची वाट मोकळी झाली, लय बरं झालं, समद्या बायका जवळनं जातात. मी मात्र दुसऱ्या दिवसापासनं परत डोंगराला वळसा घालूनच जाते. दीड मैल कसं शांत असतं. जून कशाला, उद्याच्या उद्या बोलवा. दोन्ही गुडघे वाढलेत म्हणून लिवा.